हाक मारायला नाव लागतं

प्रिय ताई,

मी बेचाळीस वर्षांची आहे. एका मोठ्या शहरात, अठरा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर नवरा आणि मुलीबरोबर राहते. चार वर्षं झाली. आमच्या मजल्यावर चार घरं. अगदी शेजारी एक आजोबा एकटे राहायचे. गेल्या महिन्यात ते घरातच गेले आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही.

हे तुम्हाला लिहितेय, कारण मला दिसलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराशी वर्तमानपत्र पडलेलं होतं. संध्याकाळी परत आले तेव्हाही ते तिथेच. दुसऱ्या दिवशी दोन झाली. वाटलं, गेले असतील लेकीकडे. शिवाय मला उशीर होत होता. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली, फोन उचलत नाहीत म्हणून. कुलूप तोडावं लागलं. ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती आणि मी माझ्या दारात. तिनं विचारलं, "बाबा तुमच्याशी बोलायचे का?" मी म्हटलं, "हो, अधूनमधून." ताई, ते खोटं होतं. चार वर्षांत आम्ही मान हलवण्यापलीकडे गेलो नाही. मी धावत येताना दिसले की ते हातातली काठी लिफ्टच्या दारात आडवी धरायचे. तेवढाच आमचा संबंध.

त्या दिवशी इमारतीच्या ग्रुपवर पन्नासेक जणांनी हात जोडले. त्यातल्या कितीजणांनी त्यांना पाहिलं होतं, कोण जाणे.

मी लहान गावात वाढले. तिथे असं झालं नसतं. नवरा म्हणतो, शहरात हे असंच, मनाला लावून घेऊ नकोस. पण मला रात्री झोप लागत नाही. मी इतकी कोरडी कधी झाले? सगळं सोडून परत जावंसं वाटतं. काय करू?

— सातव्या मजल्यावरची एक

*

प्रिय सातव्या मजल्यावरच्या ताई,

आधी त्या दोन वर्तमानपत्रांबद्दल बोलू. तुमची झोप तिथेच अडली आहे.

पहिल्याच दिवशी बेल वाजवली असती तर आजोबा वाचले असते का? हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही. बहुधा नसते वाचले. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं जाणं बऱ्याचदा काही मिनिटांचं असतं. पण मी तुम्हाला "तुमचा काहीच दोष नाही" असं म्हणून वाटेला लावणार नाही. तुम्ही पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. बेल वाजवायला हवी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती का वाजली नाही, हे मात्र नीट बघितलं पाहिजे. "मी कोरडी झाले" हे तुम्ही काढलेलं उत्तर मला पटत नाही.

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. माणसाला खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या फटीतून आत धूर सोडायचा. खोलीत एकटा असलेला माणूस उठून बाहेर सांगायला जायचा. शंभरातले पंचाहत्तर जण गेले. पण शेजारी दोन माणसं शांत बसवून ठेवली, जी धुराकडे बघून खांदे उडवतात आणि पुन्हा लिहायला लागतात, तर शंभरातले जेमतेम दहा उठले. बाकीचे डोळे चोळत, धूर हातानं बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. ती काही वाईट माणसं नव्हती. आजूबाजूचे शांत आहेत म्हणजे काळजीचं कारण नसेल, असा त्यांनी अर्थ काढला. तुमच्या मजल्यावर चार घरं आहेत. ती वर्तमानपत्रं तुमच्याशिवाय आणखी दोन घरांनी पाहिली, साफसफाई करणाऱ्यांनी पाहिली, पेपर टाकणाऱ्या मुलानं तर पहिल्या पेपरवर दुसरा स्वतःच्या हातानं ठेवला. प्रत्येकानं बाकीच्यांची शांतता पाहिली आणि पुढे गेला.

त्याच लातानेंनी पुढच्या वर्षी ज्युडिथ रोडिन यांच्याबरोबर केलेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पडद्यापलीकडच्या खोलीत बाई पडल्याचा आवाज येतो, ती कण्हते. ऐकणारी दोन माणसं एकमेकांना अनोळखी असतील तर मदत होते शंभरात चाळीस वेळा. तीच दोन माणसं एकमेकांची मित्र असतील तर सत्तर वेळा. पडलेल्या बाईला दोघंही ओळखत नाहीत. फरक आहे तो ऐकणाऱ्यांच्या आपसातल्या ओळखीचा. समोरच्या घरातल्या बाईला तुम्ही "अहो, आजोबांचा पेपर कालपासून पडलाय बघा" एवढं म्हणू शकला असता, तर तुम्ही दोघी मिळून बेल वाजवली असती, हे मी जवळजवळ खात्रीनं सांगते. तुमच्याजवळ माया होती. ती बोलून दाखवायला त्या मजल्यावर कुणी नव्हतं.

आता माझं सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पाय घसरून पडले. मोडलं काही नव्हतं, पण कंबर अशी धरली की कुशीवर वळता येईना. फोन बाहेर चार्जिंगला. मी एकटी. बाहेरून पॅसेजमधल्या पावलांचा आवाज येत होता, लिफ्टचं दार उघडल्याचा, किल्ल्यांचा. आणि मला हाक मारता येईना. आवाज फुटत नव्हता असं नाही, कुणाला मारू? सहा वर्षं राहत होते त्या घरात, आणि एकाचंही नाव मला येत नव्हतं. "कुणी आहे का" असं मी शेवटी ओरडले, तर पावलं थांबली आणि पुढे गेली. त्या माणसाला मी दोष देत नाही. "कुणी आहे का" ही हाक कुणालाच मारलेली नसते. तासाभरानं मीच घसटत दारापर्यंत गेले. त्या तासात लादीवर गाल टेकून पडलेली असताना मला जे कळलं ते असं, की हाक मारायला नाव लागतं. मैत्री, जिव्हाळा, येणंजाणं हे सगळं नंतरचं.

तुम्ही म्हणता गावात असं झालं नसतं. खरं आहे, नसतं झालं. पण गावात आजोबांचं दार कुणीतरी ज्या सहजपणे वाजवलं असतं, त्याच सहजपणे तुमच्या मुलीला "एवढ्या रात्री कुठून आलीस" असं विचारलंही असतं. माणसं शहरात येतात ती फक्त पोटासाठी येत नाहीत. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, घरच्यांना न पटलेलं लग्न केलेलं जोडपं, आडनाव सांगितलं की दारं बंद होतात असा अनुभव घेतलेला माणूस, यांना कुणी ओळखत नाही ही गोष्ट शहरानं दिलेली सावली वाटते. ती त्यांच्याकडून काढून घेऊन इमारतीचं गाव करायचं, हे मला मान्य नाही. आणि परत जाण्याचा विचार हवा तर सहा महिन्यांनी करा. आज जाल तर ती दोन वर्तमानपत्रं सामानात बांधून न्याल.

शहरात माणूस मान खाली घालून का चालतो, याचा विचार स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९७० मध्ये मांडला होता. दिवसभरात इतके चेहरे, इतके आवाज, इतक्या मागण्या अंगावर येतात की मन गाळणी लावतं. ज्याच्याशी काम नाही त्याला आत घेत नाही. रोज त्याच स्टेशनवर, त्याच गाडीची वाट बघत वर्षानुवर्षं शेजारी उभी राहणारी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात आणि कधीही बोलत नाहीत, यावरही त्यानं काम केलं. आजोबा तुमचे असे ओळखीचे अनोळखी होते. ही गाळणी नसती तर शहरात एक आठवडाही निभणार नाही. फक्त ती घराच्या उंबऱ्यापर्यंत लावून यायची सवय होते, आणि जिथे ती काढून ठेवायची त्या शेवटच्या वीस पावलांतही आपण ती लावूनच चालतो.

त्यात सगळं आपल्या हातात असतं असंही नाही, हे तुमच्या यजमानांच्या बाजूनं म्हणायला हवं. दोन-तीन तास प्रवासात घालवून आलेल्या माणसाकडे "कसे आहात" विचारायला अंगात काही उरत नाही. भाडं परवडत नाही म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलणाऱ्याला नावं पाठ करण्यात अर्थ वाटत नाही. रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा माणसं तोडतात. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन सारख्याच रस्त्यांवरच्या रहिवाशांना विचारलं होतं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? जिथून दिवसाला दोनेक हजार गाड्या जात तिथे माणशी सरासरी तीन मित्र निघाले. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही, ०.९. त्या रस्त्यावरच्या माणसांचा स्वभाव वेगळा नव्हता, त्यांना दारात उभं राहता येत नव्हतं.

आणि उभं राहता येणं हे जिवावरचं प्रकरण होऊ शकतं. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. त्यात म्हातारी, एकटी राहणारी, दारं-खिडक्या लावून बसलेली पुष्कळ होती. नंतर एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं एकमेकाला लागून असलेल्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे म्हातारे. तरी एका वस्तीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. जिथे कमी माणसं गेली तिथले रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती, म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त होतं आणि तो दिसला नाही तर ते कुणाच्या तरी ध्यानात येत होतं. दुसरीकडे दुकानं बंद, घरं ओस आणि रस्त्याची भीती. दहापट, ताई. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

तर काय करायचं. मैत्री करायला जाऊ नका. जेफ्री हॉल या अभ्यासकानं २०१८ मध्ये मांडलेला हिशेब असा, की नुसती बऱ्यापैकी ओळख असलेला मित्र व्हायला साधारण पन्नास तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळचा मित्र व्हायला दोनशेहून जास्त. तुमच्याकडे ते तास नाहीत आणि समोरच्यांकडेही नाहीत. चांगल्या मनाची माणसं इथेच फसतात. शेजार जोडायचा म्हणजे आता घरी बोलवायला हवं, गप्पा मारायला हव्यात, असं वाटून ती दडपतात आणि मग काहीच करत नाहीत. तुम्हाला हवंय ते फार थोडं: मजल्यावरच्या बाकीच्या दोन घरांतल्या माणसांची नावं, त्यांना तुमचं नाव, आणि दाराशी पेपर साठला तर बेल वाजवायची एकमेकांना दिलेली मुभा.

सुरुवात स्वतःच्या नावापासून करा, चौकशीपासून नको. "तुम्ही कुठले, काय करता, घरी कोण कोण" हे प्रश्न ऐकले की शहरातला माणूस दार लोटून घेतो, आणि बरोबर करतो. त्याऐवजी एका कागदावर तुमचं नाव, घराचा क्रमांक, फोन नंबर लिहा. खाली एक ओळ: "कधीही काही लागलं, अगदी रात्रीसुद्धा, तर बेल वाजवा." तो दोन्ही दारांशी जाऊन हातात द्या. त्यांचा नंबर मागू नका. तुम्ही लिहिलं नाही, पण मजल्यावर कुणी तरुण मुलगी एकटी राहत असेल तर तिला हे विशेष लागू; ती नंबर देणार नाही, हसणारही नाही कदाचित. तो कागद मात्र जपून ठेवेल. आणि ती एकटी राहते हे इमारतीत दुसऱ्या कुणाला सांगू नका. शेजारधर्मात गप्प राहणंही येतं.

बेल वाजवताना हात जड होईल. आपल्याला वाटतं, समोरचा म्हणेल ही कशाला आली. दोन अनोळखी माणसांचं बोलणं झाल्यावर प्रत्येकाला विचारलं, तर समोरच्याला आपण जेवढे आवडलो त्यापेक्षा कमी आवडलो असंच दोघांना वाटतं. हे २०१८ मध्ये प्रयोगांनी दाखवलंय. त्या दोनांतलं एखादं दार थंडपणे बंद होईलही. होऊ दे. एक उघडलं तरी तुमचा मजला महिन्यापूर्वीचा राहणार नाही.

नाव कळलं की ते वापरा. लिफ्टमध्ये मान हलवता तिथे नाव घ्या. महिनाभर एवढंच केलंत तरी पुरे.

एकटी राहणारी, वयस्क माणसं इमारतीत आणखी असतील. त्यांच्याशी, त्यांची तयारी असेल तर, एखादी खूण ठरवता येते. माझ्या आताच्या इमारतीत एक काकू सकाळी दहाच्या आत पुढच्या खोलीचा पडदा उघडतात. नाही उघडला तर समोरची बाई फोन करते. दोघी एकमेकींच्या घरी महिनोन्महिने जात नाहीत. काकूंची एक किल्ली त्या बाईकडे आहे आणि काकूंच्या दाराच्या आतल्या बाजूला दोन फोन नंबर ठळक अक्षरांत चिकटवले आहेत, भाच्याचा आणि डॉक्टरांचा. पडदा गेल्या तीन वर्षांत दोनदा उघडला नाही. एकदा काकू झोपून राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा खरंच ताप चढला होता आणि उठवत नव्हतं. आधीच्या वेळी उगीच फोन केला म्हणून दुसऱ्यांदा तिनं आळस केला नाही, याचं मला फार अप्रूप आहे. उगीच वाजवलेल्या बेलची लाज मिनिटभर वाटते. बेल वाजवूनही उत्तर आलं नाही, तर नावानं हाक मारा, रखवालदाराला विचारा, नातेवाइकांचा नंबर शोधा, आणि मन मानत नसेल तर तुमच्याकडे जो आपत्कालीन क्रमांक असेल त्यावर फोन करा. पक्कं कळेपर्यंत थांबू नका. पक्कं कळेपर्यंत उशीर होतो, हे तुम्ही पाहिलंय.

इमारतीच्या सभेत एक मागणी जरूर करा: खाली लिफ्टजवळ दोन बाकं. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री होते ते नोंदवलं होतं. मैत्री स्वभावापेक्षा दारांच्या अंतरावर ठरत होती, आणि जिन्याशी, टपालपेट्यांशी ज्यांची घरं होती त्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही जास्त ओळख होती. माणसं जिथे थांबतात तिथे बोलतात. आपल्या इमारतींत थांबायला जागाच ठेवलेली नसते. पॅसेजला खिडकी नाही, दिवा माणूस हलला तरच लागतो. बाकाला खर्च किरकोळ आहे. कुणी म्हणेल तिथे रिकामटेकडे बसतील. बसू देत की. रिकामी माणसंच बघत असतात, कोण दोन दिवसांत दिसलं नाही ते.

यजमानांचं मन वळवायला बसू नका. "मनाला लावून घेऊ नकोस" हे ते तुमच्या काळजीपोटी म्हणतात, आणि त्यांनाही रात्री तो पेपर आठवत असेल असं मला वाटतं. मुलीला मात्र कागद द्यायला जाताना बरोबर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा सोसावा लागतोय आणि त्यात तरुण मुलांचं प्रमाण मोठं आहे. तिलाही या मजल्यावर दोन नावं माहीत असायला हवीत.

झोपेचं आणखी दोनेक आठवड्यांत सावरलं नाही तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. दाराशी पडलेल्या मरणाचा धक्का तुम्हालाही बसलाय, तुम्ही घरच्या नव्हतात म्हणून तो कमी ठरत नाही.

एक गोष्ट राहिली. तुमच्या एवढ्या पत्रात आजोबांचं नाव नाही. दारावरची पाटी अजून असेल तर वाचा, नसेल तर इमारतीच्या नोंदवहीत सापडेल. मग त्यांच्या मुलीला पत्र लिहा. "अधूनमधून बोलायचो" हे खरं नव्हतं, असं एका ओळीत सांगून टाका. तेवढं धाडस तुमच्यात आहे, माझ्याशी केलंतच की. पेपर दिसले होते हे लिहायचं का, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर आत्ता नको, ते ओझं तिनं का उचलायचं. पण तिनं तुम्हाला जे विचारलं त्यामागे तिला काय हवं होतं, ते तुमच्याजवळ आहे. बापाला या मजल्यावर कुणी पाहत होतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तुम्ही धावत यायचात आणि ते थांबायचे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. काठी आडवी धरायचे, ते नक्की लिहा.

तुमची,
ताई